माझं नाक आणि मॅडमची हद्दपारी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. कारण, शिंका. फेब्रुवारी उजाडला की सुरू. हे तिसरं वर्ष. डोळे चुरचुरतात, नाक चोंदतं, जिना चढलो की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. बायको म्हणते डॉक्टरकडे जा. मी म्हणतो, आधी निरीक्षण. ज्या गोष्टीने त्रास होतो तिला ट्रिगर म्हणतात, हे मी वाचलं आहे. ट्रिगर सापडला की त्याला घराबाहेर काढायचं. इतकं सोपं आहे. डॉक्टर ते अवघड करून सांगतात.

संकल्प: महिन्याभरात ट्रिगर शोधणे. पद्धत शास्त्रीय. भावनेला थारा नाही.

या कामी माझ्याकडे एक गोष्ट आहे जी डॉक्टरांकडेही नाही. नाक. आमचं ड्रेपरीचं दुकान. नाटकांना, शाळांच्या कार्यक्रमांना पोशाख भाड्याने देतो. परत आलेला पोशाख धुवायचा की तसाच हँगरवर चढवायचा, हे मी नुसतं हुंगून ठरवतो. बगलेत नाक खुपसायचं, एक खोल श्वास, निकाल. "धुवा" किंवा "जाऊ दे". मालक मान डोलावतात आणि पोशाख स्वतःच्या हाताने आत घेऊन जातात. माझ्या नाकावर त्यांचा डोळे मिटून विश्वास आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार.

शाळांच्या कार्यक्रमांचा सीझन. पोती भरभरून पोशाख परत येतायत. आज राजांचे मखमली झगे, सैनिक, पऱ्यांचे पिसांचे पंख, एक अस्वल. सगळं झटकलं, सगळं हुंगलं. सगळं "जाऊ दे". अस्वल झटकताना खोकल्याची उबळ आली, पण ती हमालाशी ओरडून बोलल्यामुळे.

महत्त्वाचं निरीक्षण: दुकानात मला शिंका येतात, पण त्या कामाच्या भरात असतात. त्या धरायच्या नाहीत. खरा त्रास घरी. सोफ्यावर टेकलो की धाप. म्हणजे ट्रिगर घरात आहे.

लॉजिक साधं असतं. लोकांना सुचत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार.

मोहीम सुरू. गालिचा बाल्कनीत नेऊन काठीने बडवला. खालच्या मजल्यावरच्या आजी बोलायला वर आल्या. मी म्हटलं, आजी, आरोग्याचा प्रश्न आहे. त्या म्हणाल्या, त्यांच्याही. गालिचा माळ्यावर.

पडदे काढले. आता समोरच्या घरातल्या काकांना आमचा टीव्ही दिसतो. त्यांनी हाताने खूण करून आवाज वाढवायला सांगितला.

लेकीची सगळी कापडी खेळणी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून टाकलं. लेक दहा वर्षांची आहे, समंजस आहे. इतकंच विचारलं, की सशाला आत श्वास घेता येईल का. मी म्हटलं, प्रश्न माझ्या श्वासाचा आहे.

बायको ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. शिकणाऱ्याच्या शेजारी बसते, आणि तिच्या पायापाशीही एक ब्रेक असतो. घरीही ती तशीच वागते. दिवसभर माझ्याकडे बघत होती. पडद्यांच्या वेळी फक्त "हळू" म्हणाली.

संध्याकाळी शिंका दुप्पट. धूळ बाहेर पडताना असंच व्हायचं. लक्षण उत्तम आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

खिडकीबाहेरच्या झाडाला मोहोर आलाय. परागकण. तरीच. सगळ्या खिडक्या बंद केल्या, फटींना चिकटपट्टी लावली.

ओट्याशी उभा राहून परागकणांवर वाचत होतो. दूध उतू गेलं, करपलं, भांडं काळं पडलं. बायको आतल्या खोलीतून नाक धरून धावत आली. म्हणाली, शेजारी उभा होतास, वास आला नाही का? खरं सांगायचं तर नाही आला. पण यात नवल काय? माझं नाक व्यावसायिक आहे. दिवसभर राबतं. घरी आल्यावर ते विश्रांती घेणारच. गवई काय स्वयंपाकघरात बसून ताना घेतो?

हे तिला सांगितलं. तिने खिडकीची चिकटपट्टी काढली.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

शेवटी नाक मुठीत धरून डॉक्टरीणबाईंकडे. बायकोने स्वतः गाडी चालवत नेलं, म्हणजे वाटेत उतरायला नको.

बाईंनी छाती तपासली. दमा आहे म्हणाल्या, ॲलर्जीचा. मग प्रश्न. काम काय? मी म्हटलं, मॅनेजर. खोटं नाही, पोशाखांचं मॅनेजमेंटच करतो. हुंगतो असं कुणी सांगतं का? बायकोने तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात तिला फोन आला, कुणी शिकाऊ पोरगा गाडी घेऊन फुटपाथवर चढला होता. ती बाहेर गेली. घरात प्राणी आहे का? मी म्हटलं, मांजर. बाई म्हणाल्या, असं का? मग टेस्ट होईपर्यंत तिला झोपायच्या खोलीत येऊ देऊ नका.

"असं का?" हे त्या ज्या पद्धतीने म्हणाल्या, त्यात सगळं आलं.

दोन पंप दिले. निळा, धाप लागेल तेव्हाचा. दुसरा रोज घ्यायचा, बरं वाटलं तरी. दुसरा मी मोज्यांच्या कप्प्यात ठेवलाय. पंपाची सवय लागते. आमच्या मामांनी एकदा घेतला तो जन्मभर सुटला नाही. बायको म्हणाली, मामा ऐंशी वर्षं जगले. मुद्दा तो नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

मांजरीविरुद्ध पुरावा मिळाला.

तिचं नाव मॅडम. काळी, पायांत पांढरे मोजे. लेकीला शाळेच्या फाटकाशी सापडली होती, ओली, मुठीएवढी. आता घर तिचं आहे, आम्ही भाडेकरू.

गेले काही दिवस रात्री झोपमोड होते. अंधारात गुरगुर ऐकू येते. मांजर खूश असलं की करतं ती. अगदी जवळून, छातीशीच. उठून दिवा लावावा तर मॅडम गायब. ती माझ्या झोपेत येऊन छातीवर बसते, म्हणून छाती जड होते. सगळे दुवे जुळले.

बायको म्हणते, दार आतून बंद असतं, मांजर येईल कुठून? मांजराला दाराचं काय?

२२ फेब्रुवारी, शनिवार.

आज निकाल दिला. मॅडम काही दिवस माझ्या ताईकडे राहील. थोडे दिवसच, फरक बघायला.

लेकीने बाजू मांडली. म्हणाली, बाबा, मॅडम आली त्याला दोन वर्षं झाली, तुझ्या शिंका तीन वर्षांच्या आहेत. हा वकिली मुद्दा झाला. मी म्हटलं, काही गोष्टी शरीराला आधीच कळतात.  मग तिने विचारलं, तुझ्या दुकानातलं ते अस्वल कुठे पाठवणार? मी म्हटलं, अस्वल खोटं आहे, बाळा.

बायको फक्त म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा. ही म्हण इथे कशी लागू होते ते कळलं नाही. तिला म्हणी वापरायची हौस आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार.

मॅडमला पोचवलं. लेक टोपली मांडीवर घेऊन बसली होती. रडेल असं वाटलं होतं, म्हणून मी खिशात चॉकलेट ठेवलं होतं. रडली नाही. ताईला सांगितलं, तिला पाणी पसरट भांड्यात लागतं, खोल भांड्यात मिशा ओल्या होतात. एवढंच.

एरवी पुढच्या सीटसाठी आईशी भांडते. येताना गुपचूप मागे बसली. चॉकलेट खिशात वितळलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार.

घर मांजरमुक्त. प्रचंड सुधारणा. शिंका आता फक्त दुपारपर्यंत, आणि संध्याकाळी.

रात्रीची गुरगुर मात्र चालू आहे. हा शेजाऱ्यांचा फ्रीज असावा. उद्या त्यांच्याशी बोलायला हवं.

१ मार्च, शनिवार.

शेजाऱ्यांचा फ्रीज बिघडलाय, गेला आठवडाभर बंदच आहे. तर मग मांजरीचे केस. वाचलं की ते घरात महिनोन्महिने राहतात. म्हणजे मॅडम गेली असली तरी शास्त्रीय दृष्ट्या ती इथेच आहे. हे लेकीला सांत्वन म्हणून सांगितलं. ती "हो" म्हणाली.

हल्ली माझ्याशी "हो" आणि "नाही" एवढंच बोलते. मॅडमची ताटली रोज घासून, पुसून जागेवर ठेवते. मी सकाळी पाणी प्यायला जातो तेव्हा ती ताटली तिथे असते, कोरडी, लख्ख. मला हे आवडत नाही. म्हणजे मला वाईट वाटतं. पण आरोग्याच्या बाबतीत कठोर व्हावं लागतं.

निळा पंप दोनदा घेतला. ट्रायल म्हणून. नंतर आणखी एकदा, ट्रायलचा निकाल पडताळायला.

५ मार्च, बुधवार.

एका शाळेच्या बाई राजाचा झगा परत घेऊन आल्या. कार्यक्रमाआधीच. म्हणाल्या, याला वास येतो, आमचा राजा घालायला तयार नाही. मी त्यांच्यासमोर बगलेत नाक घालून खोल श्वास घेतला. काही नाही. स्वच्छ. मग खोकत खोकत सांगितलं, की बाई, मखमलीला स्वतःचा एक सुगंध असतो. त्यांनी नाक मुरडलं. मालकांनी त्यांची माफी मागून झगा आत नेला. मालक मवाळ आहेत. त्यांच्या जागी मी असतो तर ठणकावलं असतं. आज ठणकावायला दमही नव्हता म्हणा.

७ मार्च, शुक्रवार.

कल्पना सुचली. सुचली म्हणजे हँगरवरच लटकत होती.

परवा एका बालनाट्याचे पोशाख परत आले. त्यात काळं मांजर. डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग अंगरखा, दाट खोटी फर, पाठीला चेन, पायांत पांढरे मोजे. हुबेहूब मॅडम, फक्त माझ्या मापाची. कालच हुंगून "जाऊ दे" म्हटलं होतं. हँगरवर चढवला होता तो मालक आत न्यायच्या आधी पिशवीत घातला. उद्या संध्याकाळी लेकीसमोर मांजर बनून जायचं. ती हसेल. हसली की बोलेल. बोलली की विषय संपला.

खोट्या मांजरीची ॲलर्जी नसते. हा या योजनेचा सगळ्यात भक्कम भाग.

९ मार्च, रविवार.

अंथरुणात पडून लिहितोय. अक्षर वाचता आलं तर वाचीन.

काल संध्याकाळी बाथरूममध्ये पोशाख चढवला. चेन लावायला बायको लागली. ती म्हणाली, याला वास येतोय. मी म्हटलं, पुन्हा तेच. डोक्याचा भाग घातला. आत गरम, अंधार, आणि केस तोंडात. गुडघ्यांवर रांगत लेकीच्या खोलीत गेलो.

ती गृहपाठ करत होती. मान वर केली. आधी नुसती बघत राहिली. मग हसली. दोन आठवड्यांनी हसली. खाली जमिनीवर बसून तिने माझ्या कानांमागे खाजवलं, हनुवटीखाली खाजवलं. मला इतकं बरं वाटलं की फर असलेल्या डोक्यात डोळे भरून आले.

आणि माझ्या छातीतून गुरगुर निघू लागली.

लेक टाळ्या वाजवत म्हणाली, किती मस्त आवाज काढतोयस. मला सांगायचं होतं की हा मी काढत नाहीये. पण सांगायला श्वास लागतो. मी पंजा हलवला. तिला वाटलं, खेळतोय. तिने पंजा हातात घेतला. मग तिने माझ्या पाठीला कान लावला. म्हणाली, बाबा, मॅडम असा आवाज नाही करत. हा तो आहे, रोज रात्री तुमच्या खोलीतून येतो तो. मॅडम गेली तरी येतो.

मग तिने आईला जी हाक मारली ती मी विसरणार नाही.

बायको आली. डोकं काढलं. चेन फरमध्ये अडकली होती. तिने कात्री आणली, तर मी पंजाने नको नको केलं, दुकानाचा माल आहे. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि कात्री चालवली. तोवर लेक धावत जाऊन निळा पंप घेऊन आली होती. पंप कुठे असतो, कसा हलवायचा, किती वेळ श्वास धरायचा, सगळं तिला ठाऊक. मला ताठ बसवून तीच श्वास मोजत होती. तिचा हात गार पडला होता. ती घाबरली होती, आणि माझ्यामुळे घाबरली होती. हे लिहिताना लाज वाटते आहे. वाटू दे.

अर्धा पोशाख अंगावर तसाच. दवाखान्यात शेपूट दारात अडकली. वाट बघणाऱ्यांत एक चिमुरडी होती, तिने आईला विचारलं की मांजरांचा दवाखाना हाच का? तिच्या आईने तिला गप्प केलं, पण सरकून मला जागा दिली.

डॉक्टरीणबाईंनी नळीतून वाफेचं औषध दिलं. श्वास ताळ्यावर आला. मग त्यांनी खांद्यावरची फर चिमटीत धरली, झटकली. दिव्याच्या उजेडात धुळीचा ढग उठला. त्या शिंकल्या. म्हणाल्या, तुम्ही मॅनेजर म्हणाला होतात.

 बायकोने सगळं सांगितलं. हुंगण्याचंही. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, रोज? मी म्हटलं, सीझनमध्ये जास्त. त्यांनी विचारलं, सीझन कधी असतो? मी म्हटलं, फेब्रुवारी.

 काखेतला कळसा हाच, हे मला तेव्हा कळलं. अगदी शब्दशः.

१५ मार्च, शनिवार.

टेस्ट झाली. हातावर थेंबांच्या रांगा, प्रत्येकाला एक टोचणी. जुन्या कापडातल्या धुळीचे किडे: भलीमोठी लाल गांधी उठली. पिसं: गांधी. परागकण: किरकोळ. मांजर: काहीही नाही. त्या जागी कातडी इतकी शांत होती की मी बाईंना पुन्हा बघायला लावलं.

रोजचा पंप मोज्यांच्या कप्प्यातून दात घासायच्या ब्रशशेजारी आलाय. घेतला की चूळ भरायची. लेक दाराशी उभी राहून चूळ भरली का बघते. सवय लागते म्हणतात ती हीच असेल.

तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, मला नको, मॅडमला म्हण. ताईला फोन केला. ताई म्हणते, इथे रमली आहे, घाई काय? मोठी बहीण असली की असं होतं, दिलेली वस्तू परत मिळत नाही. शेवटी लेक फोनवर बोलली. आत्याचं भाचीपुढे चालत नाही. दोन रविवारांनंतरचा वायदा ठरला.

२३ मार्च, रविवार.

नाक उघडलं.

सकाळी चहा घेताना आल्याचा वास आला. मी कप खाली ठेवून बायकोला विचारलं, आज आलं घातलंयस का? ती म्हणाली, रोज घालते. लेक शेजारून गेली, तिच्या केसांना खोबरेल आणि पेन्सिलीच्या लाकडाचा वास. मी तिला थांबवून पुन्हा वास घेतला. ती म्हणाली, बाबा, मी पोशाख नाहीये. गुरगुरही थांबलीये. घर इतकं शांत असतं हे ठाऊक नव्हतं.

आता खरी कमाल तर दुकानात होणार. तुंबलेलं असताना ज्या नाकाचा एवढा नावलौकिक, ते उघडल्यावर काय करेल! मालकांना हा शुभसमाचार उद्याच द्यायचा.

२४ मार्च, सोमवार.

दोन आठवड्यांच्या रजेनंतर मास्क लावून गेलो. डॉक्टरांची अट. दारातच मास्क जरा खाली केला, नव्या नाकाची परीक्षा घ्यायला.

देवा.

बाहेरच्या रांगेतला एकूण एक हँगर घामट. खोट्या दाढ्यांना कुबट वास. सैनिकांना शिळा. अशाच कितींना मी "जाऊ दे" म्हटलं होतं, आणि आता ते सगळे उभे राहून माझ्याकडे बघतायत असं वाटलं. मास्क वर केला आणि सरळ मालकांकडे गेलो. म्हटलं, मालक, इतके दिवस मी चुकत होतो, सगळं धुवायला हवं. मालक शांतपणे म्हणाले, आत्ता आलेत ते, अजून आत नेले नाहीत. आत बघ.

आतल्या खोलीत दोन वॉशिंग मशिन. फिरत होत्या. मी आठ वर्षं या दुकानात आहे. आत मशिन आहेत हे माहीत होतं. त्यात काय जातं हे कधी विचारलं नव्हतं.

मालक म्हणाले, तू "धुवा" म्हणालास काय आणि "जाऊ दे" म्हणालास काय, मी सगळं धुतो. पहिल्या महिन्यापासून. एखादा गर्दीत निसटतो, राजाच्या झग्यासारखा, तेवढाच. मी विचारलं, मग मला हुंगायला कशाला लावलंत? ते म्हणाले, मी लावलं नाही. तू पहिल्या दिवशी येऊन स्वतःच सुरू केलंस. इतक्या आत्मविश्वासाने करत होतास की तुझं मन मोडवलं नाही.

उद्यापासून काउंटरला. पोशाख झटकायचे नाहीत, हुंगायचे नाहीत. पगार तोच. फाटलेल्या मांजराबद्दल मालक एवढंच म्हणाले, की ते शिवायला टाकलंय. धुऊन.

३० मार्च, रविवार. संध्याकाळ.

मॅडम परत आली. ताईने टोपलीसोबत एक नवं पसरट भांडं पाठवलंय. गालिचा माळ्यावरच राहील, तो बाईंचाही सल्ला आहे. खेळणी पिशवीतून निघाली, गरम पाण्यात धुऊन दोरीवर टांगली. ससा कानांवर लटकलाय, पण श्वास घेतोय.

लेक आज गाडीत पुढे बसली. आईशी भांडून.

टोपली उघडली. मॅडमने आधी स्वयंपाकघर पाहिलं, ताटली पाहिली, लेकीच्या मांडीवर चढून उतरली, बायकोच्या पायाला अंग घासलं. मग माझ्याकडे आली. मी जमिनीवर बसलो होतो. म्हटलं, मॅडम, सॉरी. तिने माझ्या गुडघ्याचा वास घेतला. बाहीचा वास घेतला. बगलेपाशी येऊन थांबली आणि खोल श्वास घेतला.

आणि शिंकली.

 तिने पुन्हा हुंगलं, पुन्हा शिंकली, आणि पाठ फिरवून गेली.

लेकीने गंभीरपणे विचारलं, की आई, बाबाला आत्याकडे ठेवून यायचं का? थोडे दिवसच, फरक बघायला. बायको म्हणाली, टोपलीत मावणार नाही.

मी उठलो आणि शर्ट धुवायला टाकला.